पुठ्ठ्याचे तिकीट आणि मसूरचे स्टेशन

नागपूरच्या मोतीबाग भागात २००२ साली रेल्वेचे एक छोटे संग्रहालय सुरू झाले. अडीच फुटी रुळांवर धावणाऱ्या गाडीची इंजिने, डबे आणि जुनी साधने तेथे जतन केली आहेत. दीक्षाभूमीला गेलात तर मुलाबाळांना तेही जरूर दाखवा.

रेल्वेच्या संग्रहालयात इंजिनापाशी गर्दी होते. पण कोठे जाड पुठ्ठ्याचे जुने तिकीट दिसले तर तेथेही थांबावे. इंग्लंडच्या थॉमस एडमंडसन यांनी १८३०च्या दशकात ते प्रचारात आणले. बोटभर लांबीच्या त्या तुकड्यावर क्रमांक, वर्ग, भाडे आणि कोठून कोठे जायचे ते छापलेले असे. खिडकीतला बाबू ते यंत्रात सरकवी की तारीख उमटे. त्यावर जात मात्र नसे. पैसे मोजले की डब्यात बसता येई.

आता सातारा जिल्ह्यातील १९०१ सालची हकिकत आठवा. सुभेदार रामजी दुष्काळी कामावर, तलावाच्या खोदाईवर रोखपाल होते. त्या गावाचे नाव बाबासाहेबांनी कोरेगाव, तालुका खटाव असे लिहिले आहे. रेल्वे स्टेशन असलेले तालुक्याचे कोरेगाव ते नव्हे. वडिलांना भेटायला बाल भीमराव थोरल्या भावासह साताऱ्याहून गाडीत बसले आणि मसूरला उतरले. न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरांनी तिकिटे मागितली, मुलांनी दिली. येथवर सारे ठीक होते. मग जात कळली आणि मास्तरांचा चेहराच पालटला. एकही बैलगाडीवाला मुलांना नेईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन आणि गाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर एकजण तयार झाला.

तिकिटाने दिलेली बरोबरी स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच संपली!

म्हणून, संग्रहालयातील पाटीवर यंत्र कोठे बनले एवढेच लिहून भागणार नाही. त्या गाडीतून कोण कसा गेला आणि उन्हापावसात रूळ कोणी राखले, हेही तेथे वाचायला मिळाले पाहिजे. वाचकहो, याची सुरुवात आपल्या घरातून होऊ शकते. घरात कोणी जुने गँगमन किंवा पॉइंट्समन असतील, तर त्यांचा बिल्ला, कंदील भंगारात घालू नका. त्यांच्याजवळ बसा, स्टेशन आणि साल विचारा आणि मुलांच्या हातून वहीत उतरवून ठेवा.