मिस्त्री आणि मास्तर

“अभ्यास केला नाहीस तर गॅरेजात पाने आवळीत बसावे लागेल,” ही धमकी मराठी घरांत इतक्या सहजपणे दिली जाते की, तिच्यात काही वावगे आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. धमकी देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. मुलाने शिकावे, सुखी व्हावे, एवढेच त्याला म्हणावयाचे असते. परंतु या वाक्यात एक सिद्धांत दडलेला आहे. डोके असेल तो पुस्तकाकडे जातो आणि नसेल तो लोखंडाकडे, असा तो सिद्धांत होय. मी स्वतः पुस्तकांच्या बाजूचा मनुष्य. पदवी कलाशाखेची, विषय भाषा. तरीही हा सिद्धांत साफ खोटा आहे असे माझे मत आहे, आणि ते मांडण्यासाठी मी एक दूरचे उदाहरण घेणार आहे. ते आहे अमेरिकेतील ‘हॉट रॉड’ जातीच्या जुन्या पिकअप गाड्यांचे, आणि त्यांच्यासाठी हाताने घडविल्या जाणाऱ्या पत्र्याच्या भागांचे.

उदाहरण दूरचे असले तरी आमच्या विद्यार्थ्यांना ते अपरिचित नाही. गंजून चाळण झालेली गाडी वीस मिनिटांत झळकू लागते, अशा चित्रफिती ते मोबाईलवर मोठ्या हौसेने पाहतात. मात्र त्या वीस मिनिटांत जे दाखविले जात नाही, तेच खरे पाहण्याजोगे असते.

हॉट रॉड म्हणजे जुन्या मोटारीचा अनावश्यक भार उतरवून आणि तिचे इंजिन बदलून किंवा सुधारून तिला दिलेले वेगवान रूप. या छंदाचे माहेर दक्षिण कॅलिफोर्निया. तेथे म्युरॉक, एल मिराज अशी कोरडी पडलेली सरोवरे आहेत. त्यांचे तळ मैलोगणती सपाट आणि टणक. तेथील तरुण आपल्या गाड्या या तळांवर नेऊन त्यांचा वेग अजमावीत असत. १९३७ साली त्यांच्या निरनिराळ्या मंडळांनी एकत्र येऊन ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली. ही मुले धनिकांची नव्हती, हे मुद्दाम सांगावयास हवे. फोर्ड कंपनीच्या मॉडेल टी गाड्या १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या घरात निघाल्या होत्या, त्यामुळे जुनी गाडी भंगाराच्या भावातही मिळून जाई. १९२५ साली याच कंपनीने मागे हौदा बसविलेली पिकअप गाडी थेट कारखान्यातून २८१ डॉलरना विकावयास काढली. अमेरिकेतील शेतकऱ्याची ती बैलगाडीच म्हणा ना! पुढे १९३२ साली फोर्डने आठ सिलिंडरांचे, ६५ अश्वशक्तीचे इंजिन आपल्या स्वस्त गाडीत बसविले. मग ही जुनी बैलगाडी आणि हे नवे इंजिन यांचे लग्न लावावे, असे त्या तरुणांना वाटले नसते तरच नवल.

दुसऱ्या महायुद्धानंतर या छंदाला विशेष भर आला. सैन्यात यंत्रे हाताळलेले आणि विमानांच्या कारखान्यांत पत्रा घडविण्यास शिकलेले हात आता मोकळे झाले होते. १९४६ साली बिल बर्क नावाच्या गृहस्थाने तर लढाऊ विमानाच्या पोटाखाली लावतात ती इंधनाची जादा टाकी विकत आणून तिचीच मोटार बनविली आणि ती कोरड्या सरोवरावर पळविली. १९४८ च्या जानेवारीत या छंदाला वाहिलेले ‘हॉट रॉड’ नावाचे मासिकही निघाले.

परंतु लग्न लावणे सोपे, संसार कठीण. चार सिलिंडरांच्या इंजिनासाठी आखलेल्या जागेत आठ सिलिंडरांचे इंजिन ठेवू लागताच इंजिन आणि चालक यांच्यामधील पडदी आडवी येते. तीत खोलगट खण पाडून नवी पडदी करावी लागते. गिअरपेटी वेगळी, म्हणून फरशीला नवा उंचवटा हवा. इंजिन धरून ठेवणारे कान नवे हवेत. गाडी बुटकी दिसावी म्हणून केबिन सांगाड्यावर खाली उतरविली, तर सांगाड्याच्या तुळया केबिनीत डोके वर काढतात आणि केलेली फरशी पुन्हा रद्द होते. असे भाग कोणत्याही दुकानात तयार नसतात, कारण त्या मापाची गाडी जगात एकच असते. ते घडवावेच लागतात.

येथे भूमितीच्या तासाची आठवण होईल असा एक प्रकार सांगतो. छताची उंची कमी करण्यासाठी खिडक्यांच्या खांबांतून तीन इंचांचा तुकडा कापून काढतात व छत खाली बसवितात. खांब उभे सरळ असतील तर काम सरळ. १९३० च्या सुमाराच्या गाड्यांचे खांब बरेचसे उभेच असत. पण पुढल्या काळातील गाड्यांचे खांब वर जाताना आत झुकलेले असतात. तेथे तीन इंच कापले की वरची टोके आत आणि खालची बाहेर राहतात. ती एकमेकांस मिळतच नाहीत. मग छतच मधोमध कापून रुंद व लांब करावे लागते, आणि ते किती, हे समरूप त्रिकोणांचे गणित सांगते. हा प्रश्न आमच्या पाठ्यपुस्तकात झाडाच्या सावलीच्या रूपाने येतो. सावलीचे उत्तर चुकले तर एक गुण जातो. येथे चुकले तर छत जाते.

पत्रा वाकविणेदेखील दिसते तितके निष्पाप नाही. समजा, सव्वा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा काटकोन करावयाचा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजू बाहेरून पन्नास-पन्नास मिलिमीटर भरावयास हव्या आहेत. सरळ हिशेबाने शंभर मिलिमीटरची पट्टी कापली तर भाग मोठा होतो. वाकताना पत्र्याची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते, आणि कोपरा गोलाईने वळतो; म्हणून पट्टी सुमारे अठ्ठ्याण्णवच कापावी लागते. पन्नास अधिक पन्नास शंभर, हे कागदावर खरे आहे. पत्र्याला ते मान्य नाही!

आणि ही तर केवळ सरळ घडी झाली. गोलाई आणावयाची तर आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून तो जागेवर लावून पाहतात, तो बसेपर्यंत पुन्हापुन्हा कापतात, आणि मगच पत्र्याला हात लावतात. मग तो पत्रा वाळूने भरलेल्या चामडी पिशवीवर ठेवून लाकडी हातोडीने ठोकतात. ठोके पडतील तेथे धातू पसरतो व पातळ होतो, म्हणून पत्र्याला खोलगटपणा येतो. कड आत ओढावयाची असेल तर उलट करावे लागते. तेथे चुण्या पाडून त्या ठोकून जिरवितात, म्हणजे धातू गोळा होऊन जाड होतो. या अवस्थेत तो भाग एखाद्या चेंबलेल्या पातेल्यासारखा दिसतो, आणि नवशिका येथेच धीर सोडतो. त्यानंतर ‘इंग्लिश व्हील’ नावाच्या यंत्राच्या दोन चाकांमधून तो पुढेमागे फिरवितात, किंवा खाली लोखंडी ठोकळा धरून वरून हलक्या, एकसारख्या ठोक्यांनी उंचसखलपणा मोडतात.

या शेवटच्या क्रियेला मराठीत शब्द आहे, आणि तो फार सुंदर आहे: मठारणे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत बंब, घंगाळी आणि हंडे याच रीतीने मठारले जात आले आहेत. तांब्यावर दिसणारी ती एकसारख्या ठिपक्यांची नक्षी केवळ शोभेची नसून तिने भांडे टणक होते. धातूला ठोकले की तो ताठर होतो. फार ठोकले की तडकतो. म्हणून मध्ये तापवून त्याला पुन्हा मऊ करावे लागते. कॅलिफोर्नियातील कारागीर आणि आमचा तांबट यांनी एकमेकांस कधी पाहिले नसेल, पण दोघांचा गुरू एकच. पोलाद आणि तांबे तापून लाल झाल्याचे डोळ्यांना दिसते. ॲल्युमिनियमची गोष्ट निराळी. ते ६६० अंशांवर वितळते आणि तोवर लाल होऊन इशारा देत नाही. म्हणून कारागीर आधी धुरकट ज्योतीने त्यावर काजळी धरवितो आणि मग ती काजळी उडून जाईपर्यंतच तापवितो. काजळी उडाली की ज्योत दूर. रसायनशास्त्राच्या तासाला हे सांगितले तर झोपलेला वर्ग जागा होईल.

जोडकामाविषयी थोडेच सांगतो. तापविलेला सांधा निवताना आकसतो आणि शेजारचा सपाट पत्रा वेडावाकडा ओढतो. म्हणून थोडा येथे, थोडा तेथे असे टाके घालीत जावे लागते, आणि आकसलेला सांधा ठोकून पुन्हा ताणावा लागतो. हौद्याची सपाट बाजू ही गोल भागापेक्षा अवघड मानतात ती याचसाठी. सपाट पृष्ठावर चूक लपत नाही. पूर्वी अशा चुका वितळविलेल्या शिशाने भरून काढीत; इतके शिसे ओतीत की तशा जड गाड्यांना ‘लेड स्लेड’, म्हणजे शिशाची घसरगाडी, असे थट्टेचे नाव पडले. आज आपल्याकडील डेंटर पुट्टी भरतो तोच हा प्रकार. चांगला कारागीर मात्र पोचा धातूनेच काढतो, कानस फिरवून पाहतो आणि रंग देण्यापूर्वी उघडा पत्रा कोणासही दाखविण्यास तयार असतो.

आपण आपल्या ‘जुगाडा’चे कौतुक करतो आणि पुष्कळदा या हस्तकौशल्यालाही त्याच पंक्तीस बसवितो. मला ते मान्य नाही. जुगाड म्हणजे आजचे काम भागविणे. तार गुंडाळली, गाडी घरी आली, झाले. अडचणीत तो उपयोगी पडतो, त्याची निंदा करण्याचे कारण नाही. परंतु फरशीखालचा, पुढे कोणाच्याही दृष्टीस न पडणारा कान जो माणूस तिसऱ्यांदा नव्याने करतो, कारण पहिले दोन दीड मिलिमीटरने तिरके बसले, त्याच्या ठिकाणी निराळी वृत्ती असते. तिला मी विद्या म्हणतो.

यावर आक्षेप घेता येतील. हा श्रीमंत देशाचा, पेट्रोल जाळणारा नाद आहे, असे कोणी म्हणेल. आजच्या अमेरिकेत त्यावर अफाट पैसा उधळला जातो, हे खरेच आहे. तेथे १९३२ च्या फोर्डचा नवा कोरा पत्र्याचा सांगाडादेखील आता तयार विकत मिळतो, आणि तो आणून नटबोल्ट आवळणाऱ्याविषयी मला फारसा आदर वाटत नाही. जुनी गाडी कापणे म्हणजे इतिहासाचा नाश, असाही एक आक्षेप आहे, आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. अखंड उरलेली जुनी गाडी आहे तशीच जतन करावी. जिचा अर्धा भाग मातीत मिळाला आहे तिच्यावरच हा प्रयोग शोभतो. आणि विद्यार्थ्यांसाठी एक सूचना: वडिलांच्या गाडीला कातर लावू नका. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर निर्बंध घातले आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली त्या कलमाचा अर्थ कडकपणे लावला आहे. वडील काय करतील ते वेगळेच!

मुद्दा गाडीचा नाहीच. मुद्दा त्या हाताला आपण कोठे बसवितो, हा आहे. भाषेचा शिक्षक म्हणून मला एक साक्ष काढावीशी वाटते. मराठीतील मिस्त्री किंवा मेस्त्री आणि आमच्या कोकणीतील ‘मेस्त’ हे शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्र’ या शब्दापासून आले. पोर्तुगीज भाषेत त्याचा अर्थ कसबी कारागीर असा आहे, आणि गुरू, शिक्षक असाही आहे. त्याचे मूळ लॅटिन ‘माजिस्तेर’. त्याच मुळाचा दुसरा फाटा इंग्रजीतून आपल्याकडे आला आणि त्याचा ‘मास्तर’ झाला. म्हणजे मिस्त्री आणि मास्तर हे सख्खे भाऊ. एक जहाजातून गोव्याच्या धक्क्यावर उतरला, दुसरा कंपनी सरकारच्या शाळेतून आला. आणि आपण एकाला खुर्ची दिली व दुसऱ्याला गाडीखाली झोपविले.

यावर उपाय सुचलेच नाहीत असे नाही. १९३७ साली वर्ध्यास महात्मा गांधींनी हस्तोद्योगाभोवतीच सारे शिक्षण गुंफण्याची योजना मांडली. आपण तिला वंदन केले आणि पुढे कार्यानुभवाच्या तासाला कागदाची फुले केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांच्या हाताखाली काढावेत, असे सुचविले आहे. दहा दिवसांत पत्रा कापताना बोट कसे वाचवावे एवढेच कळते. तरी शून्यापेक्षा दहा पुष्कळ.

माझी सूचना लहान आहे. गावातील एखाद्या अनुभवी डेंटरला शनिवारी दोन तासांसाठी, शिक्षकाला देतो त्याच मानाने, शाळेत बोलवावे. पाहुणा म्हणून नव्हे, तर वर्षभर. साहित्य फार लागत नाही: पातळ पत्रा, कातर, लाकडी हातोडी, एक जाड फळी, कानस, पुठ्ठा आणि जाड हातमोजे. प्रत्येक मुलामुलीने आधी पुठ्ठ्याचा आणि मग पत्र्याचा, झाकण असलेला एक चौकोनी डबा करावा. मिस्त्रीने झाकण लावून पाहावे. बसले नाही तर पुढच्या शनिवारी नवा पत्रा.