तारखा कोण ठरवतो? कळंबोली-तळोजा पट्ट्यातील कामगार खटल्यांविषयी पत्रक

कामगार न्यायालयात खटला जितका लांबतो, तितकी कामगाराची मूळ मागणी, म्हणजे गेलेली नोकरी परत मिळण्याची मागणी, निरर्थक होत जाते. पंचेचाळिसाव्या वर्षी कामावरून काढलेल्या माणसाचा निकाल तो निवृत्तीच्या वयाला पोहोचल्यावर लागला, तर त्याला पुन्हा कामावर घेण्याचा आदेश देऊन काहीच साधत नाही आणि हातात पडते ती एकरकमी नुकसानभरपाई. हा बदल कोणत्याही न्यायाधीशाने दोन्ही बाजू ऐकून, विचार करून केलेला नसतो, तो तहकुबींनी केलेला असतो. म्हणून खटल्यांच्या तारखा कोण ठरवतो आणि कशाच्या आधारावर ठरवतो, हा प्रश्न कार्यालयीन सोयीचा मानणे चूक आहे. कामगाराच्या हक्काचे काय होणार हे त्यावरच ठरते.

पनवेल तालुक्यातील कळंबोलीत या प्रश्नाला विशेष धार आहे. मुंबईच्या दाट वस्तीतून हलवलेला लोखंड-पोलादाचा बाजार येथे आहे, शेजारी तळोज्याची औद्योगिक वसाहत आहे, आणि पुणे व न्हावा-शेवा बंदराकडे जाणारी जड वाहतूक याच भागातून जाते. बाजारातील माल चढवण्या-उतरवण्याचे काम करणाऱ्या माथाडी कामगारांना 1969 च्या माथाडी अधिनियमाचे संरक्षण आहे. त्या अधिनियमानुसार मालक मजुरी व त्यावरील लेव्ही, म्हणजे भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा इत्यादींसाठीची ठरावीक टक्केवारीची रक्कम, माथाडी मंडळाकडे भरतो आणि मंडळ ती कामगारापर्यंत पोहोचवते. परंतु मंडळाच्या नोंदीबाहेर राहिलेले हमाल, ठेकेदारामार्फत लावलेले क्रेनचालक, कटिंग मशीनवरचे मदतनीस, ट्रकचालक आणि कारखान्यांतील कंत्राटी कामगार यांच्यापुढे वाद उद्भवताच पहिला प्रश्न उभा राहतो तो मालक कोण हाच. त्याचे उत्तर मिळेपर्यंत ठेकेदार बदललेला असतो, गाळा दुसऱ्याच्या नावावर गेलेला असतो, हजेरीपट सापडेनासे झालेले असतात आणि बरोबर काम करणारे साक्षीदार गावी परतलेले असतात. विलंबाने पुरावाच विरघळतो, आणि पुरावा देण्याचा भार तर बहुधा कामगारावर असतो.

कायद्याने मुदती घातल्या नाहीत, असे कोणी म्हणू शकणार नाही. 1947 च्या औद्योगिक विवाद अधिनियमात 1982 साली दुरुस्ती झाली आणि एकट्या कामगाराशी संबंधित वादाचा निवाडा, म्हणजे न्यायालयाचा अंतिम निर्णय, तीन महिन्यांत यावा असे बंधन घालण्यात आले. 2010 च्या दुरुस्तीने बडतर्फ कामगाराला सरकारच्या संदर्भाची, म्हणजे वाद न्यायालयाकडे पाठवणाऱ्या शासकीय आदेशाची, वाट पाहण्यातून मुक्त केले, आणि समेट अधिकाऱ्याकडे अर्ज केल्यावर 45 दिवस उलटताच थेट न्यायालयात जाण्याची वाट उघडली. महाराष्ट्राच्या 1971 च्या अधिनियमाने अनुचित कामगार प्रथांविरुद्धची तक्रार, म्हणजे सूडबुद्धीने बडतर्फी, संघटनेत सामील झाल्याबद्दल छळ अशा कृत्यांविरुद्धची तक्रार, शक्यतो सहा महिन्यांत निकाली निघावी असे सांगितले. 1947 च्या अधिनियमाखालील केंद्रीय नियमांनी तर पक्षकारांच्या विनंतीवरून एका वेळी साधारणपणे आठवड्यापेक्षा जास्त आणि एकूण तीनपेक्षा अधिक तहकुबी देऊ नयेत, इतका बारकावा लिहून ठेवला. मुदत ओलांडली म्हणून निवाडा रद्द होत नाही, हे योग्यच आहे, कारण तसे झाले असते तर शिक्षा पुन्हा कामगारालाच झाली असती. पण मुदत ओलांडल्याचा जाब कोणालाच द्यावा लागत नसल्यामुळे ती मुदत कागदावर उरली.

न्यायाधीश कमी आहेत, पदे रिकामी राहतात, लघुलेखक मिळत नाहीत, हे म्हणणे खरे आहे आणि त्याची जबाबदारी शासनाचीच आहे. तरीही ते पूर्ण उत्तर नाही. ज्या दिवशी न्यायाधीश आसनावर असतात त्या दिवशीही मोठ्या यादीतील पुष्कळ खटले पुकारा होऊन कैफियतीसाठी (म्हणजे मालकाच्या लेखी उत्तरासाठी), कागदपत्रांसाठी किंवा वकील दुसऱ्या न्यायालयात असल्यामुळे पुढे जातात. त्यासाठी तळोज्याहून आलेल्या कामगाराचा एक दिवसाचा रोज बुडतो, आणि रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या दैनिक नोंदीत, त्या दिवशी एक ओळ पडते. हा अपव्यय नव्या पदांनी आपोआप थांबणार नाही. तो थांबवायचा तर पहिल्याच प्रभावी तारखेला दोन्ही पक्षांना समोर बसवून खटल्याचे वेळापत्रक ठरवले पाहिजे: कैफियत कधी, कागदपत्रे कधी, शपथपत्र व उलटतपासणी कोणत्या आठवड्यात, युक्तिवाद कोणत्या दिवशी. पुढची तारीख वकिलांच्या डायरीतून निघण्याऐवजी या वेळापत्रकातून निघावी. कामगार न्यायालयाला आपली कार्यपद्धती स्वतः ठरवण्याची मुभा 1947 च्या अधिनियमाने दिली होती. ती वापरण्यात कायद्याची अडचण कधीच नव्हती.

सर्वांत मोठी गळती प्राथमिक मुद्द्यांतून होते. प्राथमिक मुद्दा म्हणजे मूळ वादाकडे वळण्यापूर्वी आधी निकालात काढायचा आक्षेप: अर्जदार कायद्याच्या व्याख्येप्रमाणे कामगार आहे का, कंपनीने केलेली खातेअंतर्गत चौकशी न्याय्य होती का, न्यायालयाला अधिकार आहे का. असा एक मुद्दा वेगळा काढला जातो, त्यावर स्वतंत्र पुरावा होतो, आदेशाला उच्च न्यायालयात आव्हान दिले जाते, तेथून कधी सर्वोच्च न्यायालयात, आणि या काळात बडतर्फी योग्य की अयोग्य या मूळ प्रश्नाला कोणी हातही लावलेला नसतो. सर्वोच्च न्यायालयाने 1975 साली कूपर इंजिनिअरिंगच्या खटल्यात चौकशीविषयीच्या प्राथमिक आदेशाला मध्येच आव्हान देऊन अंतिम निवाडा अडवून धरू नये असे स्पष्ट केले, आणि 1983 साली डी. पी. माहेश्वरी खटल्यात अशा आक्षेपांनी कामगाराला थकवण्याच्या रीतीवर कडक शब्दांत टीका करून सर्व मुद्दे एकत्रच निकालात काढावेत असे सांगितले. या दोन्ही निर्णयांना चार दशके उलटून गेली. चौकशीच्या वैधतेचा मुद्दा आधी घ्यावाच लागतो, कारण चौकशी सदोष ठरल्यास मालकाला न्यायालयात नव्याने पुरावा देण्याची संधी मिळते. पण इतर आक्षेप मूळ वादाबरोबर एकाच पुराव्यात बसतात. मात्र मालक-कामगार नाते वादग्रस्त असेल तर 1971 च्या अधिनियमाखालील तक्रार टिकत नाही, असा सिप्ला खटल्याचा 2001 चा निर्णय आहे. कंत्राटी कामगारांची सर्वाधिक वर्षे याच आक्षेपात जातात. म्हणून तो आक्षेप कैफियतीबरोबरच नोंदवला गेला पाहिजे आणि त्यावर तातडीने निर्णय झाला पाहिजे, म्हणजे कामगाराला योग्य दरवाजा वेळेत ठोठावता येईल. तो उलटतपासणी संपल्यावर काढणे सहन केले जाऊ नये.

कागदपत्रांविषयीही हेच म्हणावे लागेल. हजेरीपट, पगारपत्रक, ठेक्याचा करार आणि प्रवेशद्वारावरील नोंदवही ही सर्व मालकाच्या ताब्यात असतात, आणि कागद हजर करण्याचा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाला पहिल्या दिवसापासून असतो. कैफियतीसोबतच हे कागद दाखल करण्याचा आदेश सरसकट द्यावा, आणि ते न दिल्यास कामगाराचे म्हणणे खरे धरण्याचे अनुमान निकालापर्यंत न थांबता तेथेच नोंदवावे. एकाच ठेकेदाराच्या वीस कामगारांचे वीस खटले वीस तारखांना चालवण्याचे तर कोणतेही समर्थन नाही. ते एकत्र आणून एकच पुरावा घ्यावा. केवळ तारीख नोंदवण्याच्या टप्प्यासाठी दृक्श्राव्य माध्यमातून हजेरी मान्य करावी. साक्ष मात्र समोरासमोर व्हावी.

विलंबाची किंमत आज एकाच बाजूला मोजावी लागते. 1947 च्या अधिनियमात उच्च न्यायालयात मालकाची याचिका चालू असताना कामगाराला शेवटचे वेतन देण्याची तरतूद होती, परंतु पहिल्या न्यायालयातील सर्व वर्षांसाठी तशी सोय नव्हती. त्या वर्षांत कामगाराने पोटासाठी कोठे मजुरी केली, तर शेवटी तीच मजुरी थकीत वेतन नाकारण्याचे कारण म्हणून पुढे केली जाते. 2013 साली क्रांती ज्युनिअर अध्यापक महाविद्यालयाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, खटला लांबला म्हणून कामगाराचे थकीत वेतन कापू नये, कारण बहुतेक वेळा त्या विलंबाला तो जबाबदार नसतो, असे सांगितले. प्रामाणिक मालकाचेही यात हित नाही: लोखंड बाजारातील लहान गाळेधारकाविरुद्ध निकाल उशिरा लागला, तर साचलेले वेतन मूळ वादाच्या कित्येक पट होते. म्हणून वेळापत्रक मोडणाऱ्या पक्षाने त्या दिवसाची मजुरी व प्रवासखर्च दुसऱ्या पक्षाला त्याच दिवशी द्यावा. मात्र कार्यक्षमतेच्या नावाखाली रोजंदारीवर गेलेल्या कामगाराची तक्रार गैरहजेरीत फेटाळून निकाली खटल्यांचा आकडा फुगवला जाऊ नये. असे खटले त्या आकड्यात धरूच नयेत.

21 नोव्हेंबर 2025 पासून 1947 च्या अधिनियमाऐवजी औद्योगिक संबंध संहिता, 2020 अमलात आली असून तिच्यात कामगार न्यायालयाऐवजी न्यायिक व प्रशासकीय अशा दोन सदस्यांच्या न्यायाधिकरणाची योजना आहे, आणि बडतर्फीसारखे वाद दोघांनी मिळून ऐकायचे आहेत. एक जागा रिकामी राहिली की हेच खटले प्रथम अडण्याचा धोका त्यात आहे. त्याहून गंभीर बाब अशी की वर्ग होणारे प्रलंबित खटले होते त्या टप्प्यावरून पुढे न्यायचे की नव्याने सुरू करायचे, हे संहितेने न्यायाधिकरणावर सोडले आहे. ज्याची उलटतपासणी पूर्ण झाली आहे अशा कामगाराला पुन्हा पहिल्या पायरीवर उभे करणे हा अन्याय ठरेल. राज्य शासनाने न्यायाधिकरणाची दोन्ही पदे एकाच वेळी भरावीत. नोंदवलेला पुरावा कायम धरून खटला त्याच टप्प्यावरून चालवण्याची तरतूद नियमांत करावी. आणि पनवेल तालुक्यातील प्रत्येक प्रलंबित कामगार खटल्याची दाखल तारीख, सध्याचा टप्पा व शेवटच्या तहकुबीचे कारण दर तिमाहीस जाहीर करावे, अशी मागणी कळंबोली आणि तळोज्यातील कामगार, त्यांचे प्रतिनिधी आणि वकील यांनी लेखी स्वरूपात कामगार विभागाकडे नोंदवावी.