मासा कुठला?

जोगेश्वरी पूर्वेला, आमच्या घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर, एक मासेवाला निळ्या प्लास्टिकच्या पिंपात जिवंत मासे घेऊन बसतो. पापलेट-सुरमई पेन्शनीच्या आवाक्याबाहेर गेल्यापासून मीही अधूनमधून त्याच्याकडून रोहू, कटला घेतो. श्रावण लागण्याच्या आधीच्या रविवारी सूनबाई बरोबर होती. नातीला नुकतेच तिसरे लागले आहे आणि तिला काटे काढून मासा भरवायला आम्ही सुरुवात केली आहे. सूनबाईने विचारले, "दादा, हा मासा कुठला?"

"गोड्या पाण्यातला."

"ते कळलं. कुठल्या पाण्यातला?"

तो मनापासून हसला. "ताई, पाण्याचं नाव माशावर लिहिलेलं असतं का?"

आम्ही मासा न घेताच परतलो. रविवारचे जेवण वरणभातावर भागले, पण तो प्रश्न काही माझ्या डोक्यातून गेला नाही.

आमच्या लिंक रोडने पूर्वेला गेले की पवई तलाव लागतो. 1891 साली बांधून झालेला हा तलाव मुंबईची तहान भागवण्यासाठी होता. पुढे त्याचे पाणी पिण्यालायक राहिले नाही आणि ते कारखान्यांकडे व बागांकडे वळले. 2025 मध्ये महापालिकेने दिलेल्या हिशेबानुसार या तलावात रोज सुमारे 1 कोटी 80 लाख लिटर सांडपाणी उतरत होते. शेवाळ आणि जलपर्णी का माजते, हे सांगायला त्यामुळे शास्त्रज्ञ लागत नाही. याच तलावाकाठी 1955 पासूनची हौशी गळकऱ्यांची संघटना आहे. तिथले जाणते लोक महसीर गळाला लागला की त्याला जपून पाण्यात सोडतात. पण संध्याकाळी दुसऱ्या काठाला हातात नुसती दोरी घेऊन बसलेला माणूस मासा सोडत नाही. तो पिशवीत टाकतो आणि घरी नेतो. त्याच्या घरीही तीन वर्षांची नात असू शकते.

जे पाणी आपण पीत नाही, त्यातला मासा खावा का? सरळ उत्तर नाही. मैल्यातले जंतू मासा नीट शिजवला की मरतात. आतडी, कल्ले काढून टाकले, साफ करताना हात आणि विळी धुतली, की तो धोका बराचसा टळतो. पारा, शिसे, कॅडमियम मात्र उकळून जात नाहीत, तळूनही जात नाहीत. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे चटकन कळते, कारण हा चक्रवाढीचा मामला आहे. लहान मासा थोडा पारा साठवतो, त्याला खाणारा मोठा मासा अनेकांचा साठवतो आणि शेवटी खाते आपल्या पोटात बंद होते. जपानातल्या मिनामाताची दुखणी 1956 मध्ये उघडकीला आली, ती अशाच साठलेल्या पाऱ्याची होती. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही माशातल्या पाऱ्याला किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, शिकारी जातींना एक मिलिग्रॅम अशी मर्यादा घातली आहे. मर्यादा कागदावर आहे. पिंपाजवळ ती कोण मोजतो?

आता दुसरी गोष्ट, आणि ती सांगताना मला थोडे अवघडते.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी इंदापूर तालुक्यातल्या एका शाखेत होतो. उजनी धरण 1980 मध्ये पुरे होऊन भीमेकाठच्या जमिनी पाण्याखाली गेल्या होत्या. ज्यांची शेते बुडाली, त्यांतले कितीतरी जण त्याच पाण्यावर होड्या घालू लागले. होडीसाठी, जाळ्यासाठी कर्ज मागायला ते यायचे. आमच्या अर्जात जाळ्यांची संख्या, किंमत, जामीनदार, सगळे विचारलेले असे. जाळ्याचा आस किती, हा रकाना नव्हता. मीही कधी विचारले नाही. आस बारीक असला की बोटभर पिल्लूही अडकते, हे मला ठाऊक होते. हप्ता वेळेवर येतो आहे ना, एवढेच मी पाहत होतो. एका म्हाताऱ्या भोई गृहस्थाने एकदा मला सुनावले होते, "साहेब, तुमी मुद्दल सांभाळता, आन् आमाला मुद्दल खायला कर्ज देता."

त्याचे म्हणणे शब्दशः खरे होते. रोहू, कटला हे मासे साधारण दोन वर्षांनी वयात येतात, पावसाळ्यात पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी देतात आणि तलावाच्या साचलेल्या पाण्यात सहसा देतच नाहीत. 1957 मध्ये हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कटकला संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन त्यांची अंडी मिळवली, तेव्हापासून तलावात विकतची बोटुकली सोडायची सोय झाली. सोडलेली बोटुकली वाढायच्या आत उपसली, तर उरते ती चिलापी. परदेशातून 1952 मध्ये आणलेली, वाटेल त्या पाण्यात वाढणारी. उजनीत पुण्या-पिंपरीचे सांडपाणी मुळा-मुठा आणि पवनेवाटे येते, आणि भिगवणच्या बाजारात चिलापीचे ढीग लागतात. या दोन गोष्टींचा संबंध मला तरी स्पष्ट दिसतो.

कायदे नाहीत असे नाही. सुरुंग लावून किंवा विष घालून मासे मारायला 1897 पासून बंदी आहे. थायलंडच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मांगुराच्या पैदाशीवर 2000 मध्ये बंदी आली आणि तरीही 2019 मध्ये हरित लवादाला पुन्हा आदेश द्यावा लागला. समुद्राला निदान पावसाळ्याची सुट्टी मिळते. तलाव ठेक्याने जातो, आणि ठेकेदाराला ठेक्याची मुदत संपण्याआधी पैसे वसूल करायचे असतात.

माझा भाचा न्यूयॉर्क राज्यात असतो. तिथे गळ टाकायला परवाना लागतो, कुठला मासा किती लांबीचा, दिवसाला किती, हे ठरलेले असते. शिवाय आरोग्य खाते पाण्यागणिक सांगते की हा मासा महिन्यातून किती वेळा खावा आणि लहान मुलांनी, मूल होण्याच्या वयातल्या बायकांनी कुठला अजिबात खाऊ नये. हडसन नदीत कारखान्यांनी सोडलेल्या पीसीबीमुळे 1976 मध्ये तिथली बरीचशी व्यापारी मासेमारी बंद करावी लागली, तेव्हा हे शहाणपण त्यांना फुकट मिळालेले नाही. आपल्याकडे सगळे तसेच व्हावे असे मी म्हणत नाही. पवईच्या दोरीवाल्याकडे परवाना मागणारा शिपाई मला नको. पण तलावाकाठी मराठीत आणि हिंदीत एक फलक हवा. त्यावर मासे कधी तपासले, काय सापडले, काय खाऊ नये, एवढे लिहा. आणि जाळ्याला कर्ज देताना अर्जात आसाचा रकाना घाला. छपाईचा खर्च फार नाही.

परवा मी पुन्हा त्या मासेवाल्याकडे गेलो होतो. सूनबाईचा प्रश्न त्यालाही लागला असावा. मला पाहताच म्हणाला, "काका, विचारलं मी. गाडीवाला भिगवण म्हणतो." मी अर्धा किलोचा एक रोहू घेतला, आतडी-कल्ले तिथेच काढून घेतले. नातीच्या ताटात मात्र त्या दिवशी अंडे होते.