सोशियॉलॉजीतला 'सखा'

सुरुवातीलाच सांगते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घ्यावं.

आम्हाला ह्युमॅनिटीजचा एक पेपर आहे, त्यात सोशियॉलॉजीचं एक युनिट. हॉस्टेलवर या युनिटचा मान एवढाच, की परीक्षेच्या आदल्या रात्री अकरानंतर ते उघडायचं. मीही तेच केलं आणि ओरलला गेले. सरांनी विचारलं, "सोशियॉलॉजी म्हणजे काय?" मी म्हणाले, "स्टडी ऑफ सोसायटी, सर." "मराठीत सांग." "समाजाचं शास्त्र." "आणि समाज म्हणजे?" इथे माझी गाडी बंद पडली. शाळेत दहा वर्षं सोशल स्टडीज घोकलं, पण त्यातलं 'सोशल' म्हणजे काय हे मला कुणी विचारलं नव्हतं, मीही कुणाला विचारलं नव्हतं. सर हसले, मार्क्सही बरे दिले. पण ते हसणं काही मनातून जाईना, म्हणून लायब्ररी गाठली.

तिथे पहिला धक्का बसला तो हा, की हा शब्द रूढ करणारा माणूस चक्क आपल्या बिरादरीतला निघाला! ऑग्युस्त काँत (आपल्या नोट्समध्ये 'कॉम्टे') १८१४ मध्ये पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला. इंजिनिअर घडवणारं ते फ्रान्समधलं नावाजलेलं कॉलेज. १८१६ मध्ये मुलांनी गोंधळ घातला, सरकारने कॉलेजच बंद केलं, मुलांना घरी पाठवलं. काँतला डिग्री कधीच मिळाली नाही. केटीवाल्यांनी नोंद घ्यावी.

पण डोकं इंजिनिअरचंच राहिलं. ग्रह जसे नियमाने फिरतात तसा समाजही नियमाने चालत असणार, ते नियम शोधायचे, असा त्याचा ध्यास. त्या शास्त्राला तो आधी 'सोशल फिजिक्स' म्हणायचा. त्याचे दोन भाग कोणते, माहीत आहे? स्टॅटिक्स आणि डायनॅमिक्स! फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्सची आठवण झाली ना? पुढे १८३५ मध्ये केतले नावाच्या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाने हेच 'सोशल फिजिक्स' नाव आपल्या पुस्तकाला लावलं. हा गृहस्थ आकडेवारीचा भक्त. माणसांची उंची, वजन, गुन्हे, लग्नं सगळ्याची सरासरी काढून त्याने एक 'सरासरी माणूस' तयार केला. काँतला याचा राग आला. नुसत्या आकडेमोडीला माझं नाव? मग १८३९ मध्ये छापलेल्या ग्रंथात त्याने नवा शब्द काढला, 'सोसिओलॉजी'. (त्याच्या आधी, १७८० च्या सुमारास, सिएस या फ्रेंच विचारवंताने आपल्या कागदपत्रांत हा शब्द लिहिला होता. पण ते कागद तसेच पडून राहिले.)

शब्द अर्धा लॅटिन, अर्धा ग्रीक. पंडितांनी नाकं मुरडली. जॉन स्टुअर्ट मिलनेही तो भाषेच्या दृष्टीने रानटीच ठरवला, पण सोयीचा म्हणून वापरला. आपल्याला काय त्याचं? टेलिव्हिजन आणि ऑटोमोबाइलही असेच खिचडी शब्द आहेत.

ग्रीक 'लोगोस' म्हणजे शब्द, विचार, विवेचन. ते सगळ्याच 'लॉजीं'च्या शेपटाला असतं. मजा पुढच्या भागात आहे. लॅटिन 'सोसिउस' म्हणजे सोबती, जोडीदार. आणि भाषाशास्त्रज्ञ सांगतात की त्याचा सख्खा भाऊ संस्कृतात आहे, 'सखा'! हे वाचून मी लायब्ररीत मोठ्याने "अय्या!" म्हणाले आणि बोलणी खाल्ली.

आपला 'समाज' मात्र वेगळ्या घरचा. सम् म्हणजे एकत्र, अज् म्हणजे हाकणे. जुन्या व्याकरणात जनावरांच्या कळपाला 'समज' आणि माणसांच्या समूहाला 'समाज' असा भेद केलेला आहे. फरक काय, तर एक काना! रूम अलॉटमेंटच्या दिवशी नोटीस बोर्डासमोर आपण जसे उभे असतो, ते पाहता हा काना मला फार मोलाचा वाटतो.

आता मुद्द्यावर येते. याच युनिटच्या टर्मवर्कसाठी आमच्या ग्रुपने मेसचा सर्व्हे केला होता. आठ दिवस रोज ताटांतलं उरलेलं अन्न काट्यावर तोललं. मीन काढला, स्टँडर्ड डेव्हिएशन काढलं, रंगीत ग्राफ, स्पायरल बाइंडिंग. केतले खूश झाला असता. ग्राफमध्ये शनिवार रात्रीचा बार सगळ्यात उंच होता. आम्ही कारण लिहिलं, 'वीकेंडला विद्यार्थिनींची भूक कमी असते.' पूर्ण मार्क.

खरकटं काट्यावर ओतून देत होत्या आमच्या मेसच्या मावशी. शनिवारी त्या म्हणाल्या, "शनिवारचं जास्त का उरतं, सांगू का?" मी म्हणाले, "मावशी, थांबा हो जरा, रीडिंग घेऊ दे." त्या थांबल्या. मी परत काही विचारलं नाही.

ओरलनंतर विचारलं. मावशींची जोडीदारीण शनिवारी गावी जाते, शेवटची एसटी संध्याकाळी लवकर सुटते. म्हणून त्या दिवशी रात्रीच्या पोळ्या दोघी दुपारीच लाटून ठेवतात. रात्रीपर्यंत त्यांचं चामडं होतं. आपण ते टाकतो. एवढंच! आमच्या स्टँडर्ड डेव्हिएशनमध्ये ही बाई कुठेच नव्हती, आणि सांगायला तयार असलेल्या मावशींना मीच गप्प केलं होतं.

मी मोजमापाच्या विरुद्ध नाही. तोललं नसतं तर शनिवार वेगळा आहे हे कळलंच नसतं. शब्दाचं मूळ म्हणजे त्या शास्त्राची व्याख्या, असंही मी म्हणत नाही. पण हे युनिट ज्या पद्धतीने उरकलं जातं, पाच व्याख्या, चार वैशिष्ट्यं, त्याला माझा विरोध आहे. त्यातून 'सोसिउस' पार गळून जातो आणि उरते ती नुसती लॉजी. माझी सरांना विनंती आहे, की टर्मवर्कमध्ये एक अट घाला: ज्यांच्यावर रिपोर्ट, त्यांच्यापैकी एकाजवळ तरी बसून, त्यांचं बोलणं संपेपर्यंत ऐकायचं. काटा, कॅल्क्युलेटर नंतर. आपण पुढे धरणं, रस्ते, सॉफ्टवेअर काहीही करू, त्या प्रत्येकाच्या पलीकडे कुणी ना कुणी "सांगू का?" म्हणत उभं असणारच.

आमचा रिपोर्ट डिपार्टमेंटच्या कपाटात आहे. परवा सरांना विचारून तो काढला आणि शनिवारच्या बारशेजारी पेन्सिलने 'शेवटची एसटी' असं लिहून आले. मार्क कापले तरी चालतील.