डोकी मोजून भागत नाही

एका माणसाच्या तासाभराच्या कामातून जे मूल्य तयार होते, ती त्याची उत्पादकता. पर्यटन या हिशेबात अवघड बसते. कारखान्यात नवे यंत्र आले की तोच कामगार दुप्पट माल काढतो; वाढप्याकडे दुप्पट टेबले दिली तर पाहुणा पुढच्या वर्षी दुसरे हॉटेल शोधतो. पर्यटक वाढले की उत्पन्न आणि रोजगार वाढतात, ताशी मूल्य वाढेलच असे नाही. ताशी मूल्य वाढणे आणि न वाढणे, असे दोन्ही अनुभव स्पेनने घेतले आहेत.

1959 च्या स्थिरीकरण योजनेनंतर स्पेनची दारे उघडली. 1960 मध्ये सुमारे 60 लाख परदेशी पाहुणे आले, 1973 मध्ये 3 कोटी 40 लाखांच्या आसपास. त्यांनी आणलेल्या मार्क, पौंड, फ्रँकमधून व्यापारातली तूट भरली गेली आणि कारखान्यांसाठी यंत्रे आयात करता आली. या काळात अर्थव्यवस्था वर्षाला सुमारे 7 टक्क्यांनी वाढली. श्रेय एकट्या पर्यटनाचे नव्हे. जर्मनी-फ्रान्समध्ये राबणाऱ्या स्पॅनिश मजुरांनी घरी धाडलेला पैसाही त्यात होता. तरीही किनाऱ्यावर आलेला पैसा यंत्रशाळेपर्यंत पोचला, हे महत्त्वाचे.

1995 नंतर तसे झाले नाही. पैसा बांधकामाकडे वळला, किनाऱ्यावर सुट्टीतल्या घरांच्या रांगा उठल्या, कामाला माणसे कमी पडू लागली. पण 2007 पर्यंत देशाची एकूण घटक उत्पादकता (श्रम आणि भांडवल दोन्ही धरून मोजलेली) वाढली नाहीच, उलट घसरली. बालागेर आणि कांताव्हेया-होर्दा यांनी 2002 मध्ये स्पेनच्याच आकड्यांवरून पर्यटनामुळे दीर्घकालीन आर्थिक वाढ होते असे दाखवले. पर्यटन खात्यांना हा निष्कर्ष फार आवडतो. त्यात वाढीबद्दल सांगितले आहे, उत्पादकतेबद्दल नाही, हे मात्र सहसा वाचले जात नाही.

या व्यवसायातली खरी गळती हंगामाची. चार महिने भरलेले आणि आठ महिने कुलूपबंद असलेले हॉटेल म्हणजे पडून राहिलेले भांडवल. शिवाय दर हंगामाला नवी माणसे नेमायची, शिकवायची आणि सोडून द्यायची. बेनिदोर्म या स्पेनच्या किनाऱ्यावरच्या शहराने यावर वेगळी वाट काढली. 1956 च्या नगररचना आराखड्यानंतर तिथे उंच इमारती उभ्या राहिल्या आणि थोड्या जागेत अनेक खोल्या मावल्या; त्या वर्षभर भरायला मात्र पाहुणे हवेत. 1985 पासून सरकारने ज्येष्ठ नागरिकांसाठी हंगामाबाहेरच्या अनुदानित सहली सुरू केल्या, त्यामुळे हिवाळ्यातही अनेक किनाऱ्यांवरची हॉटेले उघडी राहू लागली. कर्मचारी टिकला की कामातला सराव टिकतो, आणि सेवाव्यवसायात सराव हेच यंत्र.

दुसरी वाट पर्यटनातून निघालेल्या ज्ञानाची. आरक्षणाची संगणक प्रणाली पुरवणारी अमाडेउस ही कंपनी 1987 मध्ये इबेरिया, एअर फ्रान्स, लुफ्तान्सा आणि एसएएस या विमान कंपन्यांनी मिळून काढली. तिचे मुख्यालय माद्रिदला आहे. स्पेनमध्ये पाऊलही न ठेवणाऱ्या प्रवाशाच्या तिकिटावरही तिला कमाई होते.

2024 मध्ये स्पेनमध्ये सुमारे 9 कोटी 40 लाख परदेशी पर्यटक आले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कॅनरी बेटांवर हजारो रहिवासी पर्यटनाला आवर घाला म्हणत रस्त्यावर उतरले. घरभाडे परवडेनासे झाले, ही मुख्य तक्रार. हॉटेलातल्या नोकराला जवळपास राहता येत नसेल, तर त्याच्या येण्याजाण्यात जाणारे तासही उत्पादकतेच्या खात्यातूनच वजा होतात.

कोकण आणि गोव्यातल्या व्यावसायिकांनी यंदाच्या ताळेबंदात पाहुण्यांच्या संख्येशेजारी आणखी दोन आकडे लिहून पाहावेत: वर्षातले किती दिवस खोल्या भरल्या, आणि दर कर्मचाऱ्यामागे किती उरले.