‘तुरळक’ म्हणजे किती, हे गावाला कोण सांगणार?

धान कापायला आला की आम्हा कृषी खात्याच्या माणसांना गावोगावी एकच प्रश्न ऐकायला मिळतो. "साहेब, पानी येते का जी?" प्रश्न साधा आहे, पण वर्षाची कमाई त्याच्या उत्तरावर टांगलेली असते. कापलेल्या धानाच्या कडपा चार-पाच दिवस बांधीत वाळत पडतात. त्यावर पाणी आले की दाणा काळा पडतो, कोंब फुटतात आणि असा धान खरेदी केंद्रावर कोणी घेत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्याच हातून चूक झाली. ऑक्टोबरचा महिना. मोबाईलवर हवामानाचा अंदाज आला, "तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम पावसाची शक्यता". मी तो जसाच्या तसा गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि आपले काम झाले असे समजलो. एका काकांनी तो वाचला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच तीन एकराला मजूर लावले. सायंकाळी पाणी लागले ते दोन दिवस उघडले नाही. मी धुऱ्यावर जाऊन उभा राहिलो तेव्हा कडपा पाण्यात होत्या. काका रागावले नाहीत, तेच जास्त लागले. एवढेच म्हणाले, "तुमीच त तुरळक मनून पाठवलं होतं. तुरळक म्हंजे थोडासाच ना?"

चूक काकांची नव्हती. हवामान खात्याच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ याचा पावसाच्या जोराशी संबंधच नाही. विभागात पाऊस मोजण्याची शंभर ठिकाणे धरली तर त्यांपैकी पंचवीस किंवा त्याहून कमी ठिकाणी पाऊस होईल, एवढाच त्याचा अर्थ. त्या पंचवीसात आपले गाव आले तर आले. आता ‘मध्यम’ म्हणजे किती? तर २४ तासांत १५.६ ते ६४.४ मिलिमीटर. साठ मिलिमीटर पाण्यात कापलेला धान भिजून चिखल होतो, कागदावर मात्र तो पाऊस मध्यमच राहतो. ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेल्यावर तो मुसळधार ठरतो. रंगांचेही तसेच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. गावात ‘पिवळा’ हा शब्द पोचला, त्याचा अर्थ पोचला नाही. पावसाळाभर पिवळा ऐकून ऐकून लोक म्हणतात, पिवळा हाय म्हंजे काई नाई.

पूर्वी हे चालून जायचे, कारण अंदाजावाचूनही शेतकऱ्याचे अडत नव्हते. मृगात पऱ्हे टाकायचे, कोणत्या नक्षत्रात रोवणी आटपायची, दसरा-दिवाळीला धान कापायचा, हा हिशेब बापजाद्यांपासून चालत आलेला. तो हिशेब आता चुकू लागला आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या २०१७ मधील अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकदम कोसळणाऱ्या पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या. म्हणजे आजाचा अनुभव अपुरा पडतो आणि शास्त्राचे म्हणणे कळत नाही. शेतकरी या दोहोंच्या मध्ये अडकला आहे.

नदीकाठचे हाल याहून वेगळे नाहीत. २०२० च्या ऑगस्ट अखेरीस मध्य प्रदेशात जबर पाऊस झाला, संजय सरोवराचे पाणी सुटले आणि वैनगंगेने भंडारा शहरासह काठच्या गावांत शिरून दाणादाण उडवली. गोसीखुर्दचे ३३ ही दरवाजे उघडावे लागले. चहूबाजूंनी पाणी आणि मध्ये गाव, अशी बेटे त्या दोन-तीन दिवसांत कितीतरी झाली. वरून येणाऱ्या पाण्याला वेळ लागतो, तेवढी मुदत आपल्या हाती असते. पण सूचना येते ती अशी, की कारधा येथे पातळी इतके मीटर, धोक्याची पातळी २४५.५० मीटर, विसर्ग इतके क्युमेक. समुद्रसपाटीपासून मोजलेला हा आकडा ऐकून गोठ्यातली म्हैस सोडायची की नाही, हे कोणी कसे ठरवावे? शाळेच्या भिंतीवर २०२० च्या पाण्याची खूण रंगवली आणि कारधाला इतके झाले की आपल्याकडे खुणेच्या किती खाली पाणी येते, हे पाटबंधारेवाल्यांकडून एकदा लिहून घेतले, तर पोरगेसुद्धा सांगेल.

बेटांवरून आठवले. इंडोनेशियात सिमेउलू नावाचे खरेखुरे बेट आहे. १९०७ मध्ये समुद्राच्या लाटेने तिथे मोठा संहार केला. तेव्हापासून म्हातारी माणसे नातवंडांना गोष्टीतून, अंगाईतून ‘स्मोंग’ हा एक शब्द सांगत आली. जमीन जोरात हादरली, समुद्र मागे हटला, की स्मोंग येतो, टेकडीकडे पळा. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा तिथे भोंगा नव्हता की मोबाईलवर सूचना नव्हती. सुमारे ७८ हजार वस्तीत सात माणसे दगावली. तिकडे शेजारच्या आचेच्या किनाऱ्यावर लाखाच्या वर गेली. तो भूकंप होता, हवामान बदल नव्हे, हे मान्य. पण आपल्या बोलीतला, सगळ्यांच्या तोंडी असलेला एक शब्द काय करतो, ते यातून दिसते. आपली झाडीबोली आहे, दंडार आहे, दिवाळीनंतरच्या मंडईतली नाटके रात्रभर माणूस बसवून ठेवतात. त्यांत आजवर पूर आणि वीज आली नसेल तर आता यावी.

विजेची गोष्ट सांगायलाच हवी. पुण्याच्या त्याच संस्थेने काढलेले ‘दामिनी’ हे ॲप आपल्या भोवती २० ते ४० किलोमीटरवर वीज पडण्याची शक्यता असली तर सूचना देते. चांगली सोय आहे. पण आषाढात बांधीत ओणवे होऊन रोवणी करतात त्या बाया, आणि मोबाईल असतो घरधन्याच्या खिशात, तो पानठेल्यावर! सूचना वाजते ती तिथे. बाया आभाळ गरजले की मोहाच्या झाडाखाली जातात, आणि नेमके तिथेच जाऊ नये. रोवणीच्या टोळीत एका तरी बाईजवळ फोन असला पाहिजे आणि बांधी सोडा म्हणायचा अधिकारही तिलाच असला पाहिजे. मजुरी कापू नये, हे शेतमालकाने आधीच कबूल करावे.

सरकारनेही थोडे ऐकावे. कृषी विज्ञान केंद्रांतून चालणारी देशभरातली १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे २०२४ च्या सुरुवातीला बंद झाली. अंदाज आता यंत्राने निघतो, असे कारण कोणी देईल. यंत्र अंदाज काढील, पण काकांना ‘तुरळक’ समजावून देणारा माणूस कमी झाला तो झालाच.

त्या दिवसानंतर मी अंदाज पुढे ढकलणे बंद केले. मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला येतो. तो वाचून मी दोन ओळी आपल्या भाषेत बोलून पाठवतो. ‘शनिवारपर्यंत विळा लावू नका. कापला असेल तर पुंजणे घाला, ताडपत्री टाका. पाणी आले तर बांधीत साचेल एवढे येऊ शकते, आणि नाही आले तर मला शिव्या द्या.’ दोन गावांत हेच सायंकाळी मंदिराच्या भोंग्यावरून सांगतात, एका गावात कोतवाल दवंडी देतो. अंदाज चुकतोही. एकदा तीन दिवस कापणी थांबवली आणि आभाळ कोरडेच राहिले. तेव्हा ऐकूनही घेतले. पण काकांनी अजून ग्रुप सोडलेला नाही.

ज्या गावांना हे करायचे असेल त्यांनी मंगळवारी-शुक्रवारी आपल्या गावच्या कृषी सहायकाला, आता त्याला सहायक कृषी अधिकारी म्हणतात, फोन लावावा. तो कागद वाचून दाखवू लागला तर मध्येच थांबवावे आणि विचारावे, साहेब, म्हंजे आमी करायचं काय?