धुक्यातला दिवा

फलटण हे काही धुक्याचे गाव नव्हे. महाबळेश्वर-पाचगणीची वाट चढणाऱ्याची पावसाळाभर धुक्याशी गाठ पडते. आपल्या वाट्याला मात्र पर्जन्यछायेतले कोरडे आभाळ आले आहे. तरीदेखील डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या पहाटे लोणंदहून किंवा बारामतीहून आलेल्या माणसाला विचारून पाहावे. रात्र निरभ्र, वारा पडलेला आणि दोन्ही अंगांना नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर भिजलेली उसाची शेते. जमीन रात्रभर उष्णता सोडत राहते, तिच्यालगतची ओलसर हवा गार होते आणि पहाटे सारा रस्ता पांढऱ्या दुलईत गुरफटून जातो. घाटात निदान माणूस जपून गाडी हाकतो. आपल्याकडे धुके उतरते ते सपाट, सरळ आणि म्हणूनच वेगाच्या रस्त्यावर. शिवाय नेमका तोच काळ गळीत हंगामाचा.

आता बऱ्याच मोटारींना पुढे, बंपरच्या खालच्या बाजूला, धुक्याचे दिवे असतात. परंतु ते केव्हा लावायचे याचा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाही. स्वच्छ चांदण्या रात्री हे दिवे झगमगत असतात आणि खरे धुके आले की चालक हौसेने हेडलाइटचा अप्पर मारतो. दोन्ही गोष्टी नेमक्या उलट्या आहेत.

धुके म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब. अप्परचा झोत या थेंबांवर आपटून चालकाच्याच डोळ्यांत परततो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. धुक्याचा दिवा खाली बसवलेला असतो, त्याचा झोत रुंद पसरतो आणि वर जात नाही. त्यामुळे निदान रस्त्याची कड आणि जवळची जमीन दिसते. तो दूरचे दाखवत नाही. ते त्याचे कामच नव्हे. पिवळा दिवा धुके भेदून जातो ही समजूतही तितकीशी खरी नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने इतके मोठे असतात, की ते सर्वच रंग जवळपास सारखेच विखुरतात. दिवा उपयोगी पडतो तो त्याच्या जागेमुळे आणि झोताच्या आकारामुळे.

मग तो लावावा केव्हा? हवामानशास्त्र १००० मीटरांच्या आतले दिसेनासे झाले की त्याला धुके म्हणते. परंतु चालकासाठी ही मर्यादा फार सैल आहे. ब्रिटनच्या वाहतूक नियमांत साधारण १०० मीटरांपलीकडचे दिसत नसेल तरच हे दिवे लावावेत आणि दृष्टी मोकळी झाली की विझवावेत, असे सांगितले आहे. जर्मनीत तर मागचा धुक्याचा दिवा ५० मीटरांच्या आतलेच दिसत असेल तेव्हाच लावता येतो आणि मग वेगही ताशी ५० किलोमीटरांवर जाऊ देत नाहीत. आपल्याकडे अंतर मोजायला रस्त्याकडेचे विजेचे खांब आहेत. दोन खांबांत साधारणतः ४० ते ५० मीटर अंतर असते. तिसरा खांब दिसेनासा झाला, की धुक्याचा दिवा लावावा, हेडलाइट डिप्परवर ठेवावा आणि मुख्य म्हणजे पाय ॲक्सिलरेटरवरून काढावा. ताशी ६० किलोमीटरने जाणारी मोटार एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. संकट दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तरी २५ मीटर संपले; गाडी थांबायला अजून अवकाश आहेच. हा हिशेब कोणताही दिवा बदलू शकत नाही.

“उजेड थोडा जास्त असला तर बिघडले कुठे?” असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे. स्वच्छ रात्री हा दिवा गाडीपुढची जमीनच लख्ख उजळतो, डोळा त्या उजेडाला सरावतो आणि दूरच्या काळोखातला सायकलस्वार दिसत नाही. मागच्या तांबड्या दिव्याचे तर विचारूच नका. तो ब्रेकच्या दिव्याइतका प्रखर असतो. धुके नसताना तो लावून ठेवला, तर मागच्याचे डोळे दिपतात आणि पुढच्याने ब्रेक कधी दाबला हे त्याला कळतच नाही. चारही इंडिकेटर चालू ठेवून धुक्यातून जाण्याची पद्धतही अशीच घातक आहे. कारण मग गाडी कोणत्या बाजूला वळणार हे सांगायला इंडिकेटर उरतच नाही.

तथापि सगळा दोष मोटारवाल्याच्या पदरात घालणे अन्यायाचे होईल. पहाटेच्या धुक्यात पुढे उसाची ट्रॉली चाललेली असते. उसाच्या मोळ्या मागे-बाजूला लोंबत असतात, तांबडा दिवा असलाच तर मोळ्यांआड किंवा चिखलाखाली गेलेला. ट्रेलरच्या मागे दोन तांबडे रिफ्लेक्टर हवेत, हे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे. बैलगाडीच्या मागे चकाकणारी पट्टी लावायला तर कायद्याचीही वाट पाहण्याचे कारण नाही. त्या गाडीवर बसलेला ऊसतोडणी कामगार घरदार सोडून आपल्या भागात आलेला असतो. त्याच्या जिवाची किंमत हातभर पट्टीपेक्षा खचितच अधिक आहे. ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर येते, तेव्हा उसाचे वजन जसे चुकत नाही, तसे मागच्या पट्टीकडे पाहणेही चुकू नये.

दिवा ही केवळ आपल्याला दिसावे म्हणून केलेली सोय नव्हे. आपण दुसऱ्याला दिसावे आणि दुसऱ्याचे दिसणे आपल्यामुळे बंद पडू नये, हाही त्याचा धर्म आहे. म्हणून धुके आले की दिवा लावावा आणि धुके सरले की आठवणीने विझवावा. पहिली गोष्ट भीती शिकवते. दुसरी शिकवायला मात्र थोडी माणुसकी लागते. आपल्या महाविद्यालयातील कितीतरी मुले-मुली याच रस्त्यांनी सकाळच्या तासाला येतात. आज ती एस.टी.त किंवा दुचाकीवर असली, तरी उद्या त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती मोटारीचे चाक येणार आहे. लायसनच्या परीक्षेत हा प्रश्न कोणी विचारो वा न विचारो, त्याचे उत्तर त्यांना आजच ठाऊक असलेले बरे.